आफ्रिकेतील गांजाचे स्थानिक वाण आणि त्यांचे संकरीकरण : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

जागतिक बियाणे बाजारात 'डर्बन पॉइझन', 'मलावी गोल्ड', 'स्वाझी गोल्ड' ही नावे 'आफ्रिकन सॅटिव्हा' या गटात मोडतात. दक्षिण व पूर्व आफ्रिकेतील शेतकऱ्यांनी अनेक पिढ्या जोपासलेल्या या वाणांचा वापर १९७० नंतर अमेरिका व नेदरलँड्स येथील पैदासकारांनी संकरासाठी केला. प्रस्तुत शोधनिबंधात या वाणांचा आफ्रिकेतील प्रवेश, त्यांची घडण, वसाहतवादी कायद्यांनी त्यांना दिलेले स्थान, संकरीकरणाचा इतिहास आणि आजच्या कायदेशीर बाजारपेठेत त्यांच्यापुढे उभे राहिलेले प्रश्न यांचा विचार केला आहे. या वाणांचे मूळ दक्षिण आशियात असले तरी त्यांची घडण आफ्रिकन शेतकऱ्यांची आहे आणि या श्रेयाची नोंद कायद्याने किंवा बाजाराने घेतलेली नाही, असा या निबंधाचा मुख्य प्रतिपाद्य विषय आहे.

बीजसंज्ञा : स्थानिक वाण, संकर, डग्गा, नाताळ, कराराचे मजूर, जैवविविधता.

प्रस्तावना

पिकांचा इतिहास हा सामान्यतः अन्नधान्याचा आणि नगदी पिकांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. ऊस, कापूस, चहा, नीळ, तंबाखू यांच्या इतिहासातून वसाहतवादाचे अर्थकारण उलगडले. गांजा मात्र दीर्घकाळ गुन्हेगारीशास्त्र व औषधशास्त्र यांच्याच कक्षेत राहिला. ज्या पिकावर बंदी असते, त्याच्या शेतीची नोंद महसुली दप्तरात न होता पोलिसांच्या दप्तरात होते. परिणामी त्या पिकाचा शेतकरी इतिहासात केवळ आरोपी म्हणून दिसतो. बियाण्याची निवड करणारा, वाण राखणारा कृषक म्हणून तो दिसत नाही.

आफ्रिकेच्या बाबतीत ही त्रुटी अधिक ठळकपणे जाणवते. ब्रायन डु तॉय यांच्या १९७० व १९८० च्या दशकांतील लेखनाने आणि ख्रिस डुव्हाल यांच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली. तथापि, स्थानिक वाणांचा इतिहास आणि आधुनिक संकरीकरणाचा इतिहास हे दोन विषय अजूनही बहुधा स्वतंत्रपणे हाताळले जातात. त्यांचा एकत्रित विचार करणे हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी प्रवासवर्णने, कायदे, आयोगांचे अहवाल आणि अलीकडील वनस्पतिशास्त्रीय व जनुकशास्त्रीय संशोधन या साधनांचा आधार घेऊन ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

'स्थानिक वाण' ही संकल्पना

एखाद्या प्रदेशात शेतकऱ्यांनी दीर्घकाळ स्वतःचे बी राखून लावलेल्या आणि त्या प्रदेशाच्या हवामानाशी जुळलेल्या पिकाच्या समूहाला स्थानिक वाण म्हणतात. महाराष्ट्रात ज्याला 'गावठी' किंवा 'देशी' बियाणे म्हणतात त्याच्याशी ही संकल्पना मिळतीजुळती आहे. स्थानिक वाण म्हणजे एकसारख्या रोपांचा संच नव्हे. त्यातील प्रत्येक रोप दुसऱ्याहून थोडे वेगळे असते आणि या वेगळेपणातच वाणाची ताकद असते. एखाद्या वर्षी पाऊस लांबला किंवा बुरशी पडली तरी समूहातील काही रोपे तग धरतात व पुढील वर्षाचे बी देतात.

गांजाच्या वनस्पतीत ही विविधता निसर्गतःच अधिक असते. या वनस्पतीची नर व मादी झाडे सामान्यतः वेगळी असतात आणि परागण वाऱ्याने होते. परागकण दूरवर वाहून जात असल्याने एका शेताचा वाण शेजारच्या शेतापासून पूर्णतः अलग राहू शकत नाही. म्हणून येथे वाणाचे घटक एका शेतापेक्षा खोरे, डोंगररांग किंवा जिल्हा असेच मानावे लागतात. शेतकऱ्याच्या निवडीला निसर्गाच्या निवडीची जोड मिळते आणि शतकानुशतकांच्या या दुहेरी निवडीतून वाण आकार घेतो.

या निवडीत दिनमानाला विशेष महत्त्व आहे. गांजा ही लघुदिवसीय वनस्पती आहे, म्हणजे दिवस लहान होऊ लागले की तिला फुलोरा येतो. विषुववृत्तालगत वर्षभर दिवस-रात्रीच्या लांबीत फारसा फरक पडत नाही आणि थंडीचे भयही नसते. त्यामुळे तेथील वाण उंच वाढतात, त्यांची पाने अरुंद असतात आणि फुलोरा संथपणे, कित्येक आठवडे चालतो. मलावी साधारण ९ ते १७ अंश दक्षिण अक्षांशांमध्ये येतो, तर डर्बन जवळजवळ ३० अंश दक्षिणेस आहे. डर्बनच्या परिसरातील व त्याहून दक्षिणेकडील वाणांना हिवाळ्याआधी बी धरणे भाग होते. म्हणून दक्षिण आफ्रिकेतील वाण विषुववृत्तीय वाणांपेक्षा लवकर फुलणारे निघाले. पुढे उत्तर गोलार्धातील पैदासकारांनी याच वाणांना पसंती का दिली, याचे उत्तर या भौगोलिक वस्तुस्थितीत सापडते.

हिंदी महासागरमार्गे आफ्रिकेत

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संपूर्ण जनुकसंचाच्या अभ्यासाने या वनस्पतीच्या माणसाळवण्याचे केंद्र पूर्व आशियात असल्याचे दाखवले. मादक गुणांसाठी तिची दीर्घकाळ जोपासना झाली ती प्रामुख्याने दक्षिण आशियात. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत ती हिंदी महासागराच्या व्यापारमार्गाने पोचली, याविषयी अभ्यासकांत व्यापक एकमत आहे. या प्रवासाचा सर्वांत बोलका पुरावा भाषेचा आहे. संस्कृत 'भङ्गा' व मराठी-हिंदी 'भांग' या शब्दांचे नाते स्वाहिलीतील 'बांगी' आणि शोना भाषेतील 'म्बांजे' या शब्दांशी उघड दिसते. बियाण्याबरोबर शब्दही प्रवास करतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

या प्रवासात गोव्याचे स्थान दुर्लक्षिण्याजोगे नाही. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांचा वनौषधींवरील संवादात्मक ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात 'बांग'वर स्वतंत्र विवेचन असून युरोपात धाग्यासाठी लावल्या जाणाऱ्या हेंपहून ही वनस्पती वेगळी असल्याचे मत मांडलेले आहे. १६०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात डोमिनिकन धर्मोपदेशक जुआंव दुश सान्तुश यांनी आग्नेय आफ्रिकेत याच नावाच्या वनस्पतीची लागवड व पानांचे सेवन होत असल्याची नोंद केली. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातील पोर्तुगीज सत्तेच्या अधीन होता आणि दीव-दमणचे व्यापारी त्या किनाऱ्याशी निगडित होते. तथापि, या वनस्पतीचा आफ्रिकेतील प्रवेश पोर्तुगिजांच्या फार आधीचा आहे. अरब, स्वाहिली व भारतीय व्यापाऱ्यांचे जाळे तोवर शतकांपूर्वीच उभे राहिले होते.

पुरातत्त्वीय पुराव्यांत इथिओपियातील लालिबेला गुहेतील चिलमींच्या मातीच्या वाट्यांचा उल्लेख करावा लागतो. निकोलास व्हान डर मर्व यांनी त्यांतील अवशेषांचे रासायनिक पृथक्करण करून १९७५ मध्ये त्या सुमारे चौदाव्या शतकातील असून त्यांत गांजाचे अंश असल्याचा निष्कर्ष मांडला. या कालनिश्चितीवर चर्चा झाली असली तरी आफ्रिकेतील धूम्रपानाच्या प्राचीनतेविषयीचा तो महत्त्वाचा दुवा ठरला.

आफ्रिकेचे योगदान : ओढण्याची रीत आणि वाणांची घडण

भारतात भांग प्रामुख्याने खाण्या-पिण्याची वस्तू होती. वाळवून, घोटून, दुधात किंवा मिठाईत मिसळून तिचे सेवन होई. तंबाखूच्या आगमनानंतर, म्हणजे सतराव्या शतकापासून, गांजा ओढण्याची रीत येथे रूढ झाली. पूर्व व दक्षिण आफ्रिकेत मात्र भोपळा, शिंग व बांबू यांपासून बनवलेल्या पाण्याच्या चिलमींची समृद्ध परंपरा विकसित झाली. म्हणून आफ्रिकेने केवळ एक वनस्पती स्वीकारली असे म्हणता येत नाही. तिने वापराचे नवे तंत्र घडवले आणि ते जगाला दिले. वापराची पद्धत बदलली की निवडीचा निकषही बदलतो. ओढण्यासाठी उपयुक्त, राळयुक्त फुलोऱ्याला महत्त्व येते. त्यामुळे वाणांच्या घडणीचा विचार धूम्रपानाच्या इतिहासापासून वेगळा करता येत नाही.

आफ्रिकेच्या अंतर्भागात या वनस्पतीचा प्रसार ज्या लोकांनी केला ते बहुतेक श्रमिक होते. ओझेवाले, खलाशी, गुलाम व भटके मजूर यांच्याबरोबर बी प्रवास करीत राहिले. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी १८५७ च्या आपल्या ग्रंथात माकोलोलो लोकांतील 'मुतोक्वाने'च्या धूम्रपानाचे वर्णन केले. १८८० च्या दशकात हेरमान व्हिसमान यांनी कांगोच्या खोऱ्यातील बाशिलांगे समाजात जुन्या देवदेवस्कीचा त्याग करून गांजाच्या सामूहिक सेवनाभोवती उभारलेला नवा पंथ पाहिला. हे लोक स्वतःला 'बेना रियांबा', म्हणजे गांजाची लेकरे म्हणवीत. अंगोलातील 'लियांबा' किंवा 'दियांबा' हा शब्द गुलामांच्या जहाजांबरोबर अटलांटिक ओलांडून ब्राझीलमध्ये पोचला. १८३० मध्ये रिओ द जानेरो नगरपालिकेने 'पांगो' ओढण्यास बंदी केली व त्यासाठी गुलामांना कैदेची तरतूद केली. पश्चिम गोलार्धातील गांजाविरोधी कायद्यांतील हा एक अगदी आरंभीचा कायदा होय.

दक्षिण टोकाला ही वनस्पती 'डग्गा' या खोइखोइ भाषेतून आलेल्या नावाने ओळखली गेली. केप वसाहतीचा संस्थापक यान व्हान रिबेक याच्या १६५८ च्या दैनंदिनीत हा शब्द आढळतो. मात्र त्या काळी तो दुसऱ्या एका स्थानिक वनस्पतीलाही लावला जाई. झुलू भाषेत 'इन्सांगू', सोथो भाषेत 'मातेक्वाने', मलावीत 'चांबा' अशी नावे रूढ झाली. मलावीत फुलोरा मक्याच्या किंवा केळीच्या पानांत घट्ट गुंडाळून कणसाच्या आकारात बांधून ठेवण्याची रीत आहे. लेसोथोच्या डोंगराळ भागात मक्याबरोबर हे पीक घेतले जाते. प्रत्येक प्रदेशाने आपल्या शेतीव्यवस्थेत, आपल्या पावसाच्या वेळापत्रकात या वनस्पतीला बसवून घेतले. दक्षिण आफ्रिकेतील अनेक वाणांत टीएचसीव्ही या घटकाचे प्रमाण अन्य प्रदेशांतील वाणांपेक्षा लक्षणीय आढळते. भौगोलिक विलगता व दीर्घकालीन निवड यांचा ठसा रसायनावरही उमटतो, हे यावरून दिसते.

वसाहतवादी कायदा : पिकाचे तणात रूपांतर

१६ नोव्हेंबर १८६० रोजी मद्रासहून निघालेले 'ट्रुरो' हे जहाज कराराच्या मजुरांना घेऊन डर्बन बंदरात पोचले. १९११ पर्यंत सुमारे १,५२,००० भारतीय मजूर नाताळमधील उसाच्या मळ्यांत व अन्य कामांसाठी आणले गेले. त्यांना आपल्या सवयीची वनस्पती तेथे आधीच उगवलेली आढळली. 'डर्बन' या नावामुळे हा वाण भारतीय मजुरांनी आणला असा समज प्रचलित आहे. परंतु दुश सान्तुश व लिव्हिंग्स्टन यांच्या नोंदी पाहता आफ्रिकेच्या दक्षिण भागात तिची लागवड व वापर या मजुरांच्या आगमनापूर्वीचा आहे, हे ध्यानात घ्यावे लागते.

नाताळमधील १८७० च्या दुसऱ्या क्रमांकाच्या कायद्याने 'कुली' मजुरांना या वनस्पतीचा कोणताही भाग ओढण्यास, बाळगण्यास व त्यांना तो विकण्यास मनाई केली. ही मनाई वनस्पतीवर नव्हती. ती एका विशिष्ट श्रमिक वर्गावर होती, हे महत्त्वाचे आहे. १८८५ ते १८८७ या काळात काम केलेल्या रॅग आयोगापुढेही मजुरांची कार्यक्षमता हाच मुद्दा होता. मळेवाल्याच्या दृष्टीने मजूर कामावर उभा राहणे महत्त्वाचे होते, त्याचे आरोग्य हा दुय्यम विषय होता.

याच सुमारास भारतात वेगळी दिशा घेतली जात होती. १८९३-९४ मधील भारतीय गांजा आयोगाने १,१९३ साक्षी नोंदवून सात खंडांचा अहवाल सादर केला आणि संपूर्ण बंदीपेक्षा कर व परवान्याद्वारे नियंत्रणाची शिफारस केली. या अहवालात शेतीची तपशीलवार माहिती आहे. मुंबई इलाख्यात अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्हा गांजाच्या लागवडीसाठी प्रमुख होता. बंगालमधील नौगाव येथे नर झाडे ओळखून उपटून टाकण्यासाठी 'पारखदार' नावाचा जाणकार नेमला जाई. मादी झाडांना पराग मिळू न देता बिनबियांचा फुलोरा मिळवण्याचे हे तंत्र विसाव्या शतकात अमेरिकेत नवा शोध म्हणून गाजले. प्रत्यक्षात त्याची नोंद वसाहतकालीन सरकारी दप्तरात आधीच झालेली होती. भारतीय पारखदार निदान अहवालात आला. आफ्रिकेत मात्र त्याच्या समकक्ष जाणकाराची दखल घेणारा असा कोणताही आयोग नेमला गेला नाही.

दक्षिण आफ्रिकेने पुढे बंदीचा मार्ग अधिक कठोर केला. १९२२ च्या सीमाशुल्क व अबकारी कायद्याने डग्गाची लागवड, बाळगणे व विक्री यांवर देशव्यापी बंदी आली. १९२३ मध्ये त्या सरकारने राष्ट्रसंघाला ही वनस्पती धोकादायक द्रव्यांच्या आंतरराष्ट्रीय यादीत घालण्याची सूचना केली. १९२५ च्या जिनिव्हा करारात, विशेषतः इजिप्तच्या प्रतिनिधीच्या आग्रहामुळे, ती प्रथमच आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आली. १९३७ च्या दक्षिण आफ्रिकी तण कायद्याने तर डग्गाला अधिकृतपणे 'तण' ठरवले आणि आपल्या जमिनीवरून ती उपटून टाकणे हे जमीनधारकाचे कर्तव्य झाले. शेतकऱ्यांनी शतकानुशतके निवडून राखलेले पीक कायद्याच्या भाषेत तण बनले. शब्दाच्या या बदलात संपूर्ण कृषिपरंपरा पुसून टाकण्याचे सामर्थ्य होते.

वर्णभेदाच्या काळातील १९७१ च्या कायद्याने शिक्षा अधिक कडक केल्या. ११५ ग्रॅमहून अधिक माल सापडल्यास आरोपी विक्रेता आहे असे गृहीत धरले जाई. हे गृहीतक पुढील कायद्यातही कायम राहिले आणि अखेर १९९५ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ते रद्द केले. पोंडोलँडसारख्या गरीब प्रदेशात, जेथे पुरुष खाणींत कामाला जात व मागे उरलेल्या कुटुंबाला रोख उत्पन्नाचे अन्य साधन नसे, तेथे हे पीक बंदीतही टिकले. पोलिसांच्या विमानांनी तणनाशकाची फवारणी केली तेव्हा तिच्या झळा शेजारच्या अन्नपिकांनाही बसल्याच्या तक्रारी झाल्या.

संकरीकरणाचा कालखंड

बियाण्याच्या इतिहासाला १९७० च्या दशकात नवे वळण मिळाले. मेक्सिकोतील शेतांवर पॅराक्वाट या तणनाशकाची फवारणी सुरू झाल्यावर अमेरिकेत घरच्या घरी लागवड वाढली. आयात मालातून मिळालेले बी लावताना एक अडचण पुढे आली. विषुववृत्तीय वाण उत्तरेकडील थंडी पडेपर्यंत फुलतच नसत. यावर दोन उपाय शोधले गेले. पहिला उपाय म्हणजे अफगाणिस्तानातील बुटक्या, रुंद पानांच्या व लवकर पक्व होणाऱ्या वाणांशी संकर करणे. दुसरा, दक्षिण आफ्रिकेसारख्या दूरच्या अक्षांशावरील तुलनेने लवकर फुलणारे वाण वापरणे. 'डर्बन पॉइझन' या नावाने प्रसिद्ध झालेला वाण या दुसऱ्या मार्गाने पुढे आला. अमेरिकन पैदासकारांनी नाताळच्या परिसरातून आलेल्या बियाण्यातून लवकर फुलणारी रोपे निवडली व हे बी पुढे नेदरलँड्समध्ये पोचले, अशी परंपरा त्या वर्तुळात सांगितली जाते.

नेदरलँड्समध्ये १९७६ मध्ये अफू कायद्यात दुरुस्ती होऊन गांजा व अन्य घातक द्रव्ये यांच्यात भेद केला गेला. त्या वातावरणात १९८४ मध्ये नेव्हिल शोनमेकर्स यांनी बियाण्यांची टपालाने विक्री करणारी 'सीड बँक' सुरू केली. यानंतर बियाण्याला छापील सूचीपत्र, किंमत आणि व्यापारी नाव मिळाले. जे बी आफ्रिकेत शेजाऱ्याकडून मूठभर मागून आणले जाई, ते युरोपात मोजून पाकिटात विकले जाऊ लागले.

संकराचे शास्त्र येथे थोडक्यात लक्षात घेणे आवश्यक आहे. दोन दूरच्या वाणांच्या संकरातून निर्माण होणारी पहिली पिढी जोमदार व बरीचशी एकसारखी असते. दुसऱ्या पिढीत मात्र गुणांची फाटाफूट होते आणि पैदासकाराला निवडीस वाव मिळतो. त्याने लवकर पक्वता, बुटकेपणा व तीव्रता यांसाठी निवड केली की त्या गुणांशी संबंध नसलेली बरीच जनुके गळून जातात. शिवाय महासागर ओलांडून गेलेले बी मूठभरच होते. हजारो रोपांच्या समूहातील फार थोडी विविधता त्यात सामावली. पुढे अंतर्प्रजननाने व फांद्यांपासून केलेल्या रोपांच्या वापराने ती आणखी आक्रसली. म्हणून युरोपीय सूचीपत्रातील 'डर्बन पॉइझन' हा दक्षिण आफ्रिकेतील समूहाचा एक अरुंद अंश आहे. त्याला मूळ स्थानिक वाण म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य ठरत नाही. स्थानिक वाणाचे सातत्य त्या जमिनीत, त्या हवामानात व तेथील शेतकऱ्याच्या निवडीत असते. ते पाकिटात भरता येत नाही.

'सॅटिव्हा' या नावाचा प्रश्न

लिनियसने १७५३ मध्ये युरोपीय हेंपच्या आधारे 'कॅनाबिस सॅटिव्हा' हे नाव दिले. लामार्कने १७८५ मध्ये भारतातून आलेल्या नमुन्यांवरून 'कॅनाबिस इंडिका' ही वेगळी जात मांडली. स्मॉल व क्रॉन्क्विस्ट यांनी १९७६ मध्ये एकच जात मानून तिचे दोन उपप्रकार केले व त्यांच्यात ०.३ टक्के टीएचसी ही सीमारेषा सुचवली. या वर्गीकरणानुसार आफ्रिकेतील मादक वाण 'इंडिका' उपप्रकारात मोडतात. कार्ल हिलिग यांच्या २००५ मधील जनुकीय अभ्यासानेही आफ्रिकेतील अरुंद पानांच्या मादक वाणांना दक्षिण आशियाई वाणांच्या गटात ठेवले.

बाजाराने मात्र उलट नामकरण केले. अफगाण रुंद पानांच्या वाणांना 'इंडिका' आणि भारत-आफ्रिकेतील अरुंद पानांच्या वाणांना 'सॅटिव्हा' असे म्हटले जाऊ लागले. ज्या वनस्पतीवरून लामार्कने 'इंडिका' हे नाव दिले, तिचेच आफ्रिकन वंशज आज 'सॅटिव्हा' म्हणून विकले जातात. या नामविपर्यासाने हिंदी महासागरातील संबंधांचा इतिहास झाकला गेला. मॅकपार्टलंड व स्मॉल यांनी २०२० मध्ये दक्षिण आशियाई व अफगाण परंपरांना स्वतंत्र उपनावे देऊन हा गोंधळ दूर करण्याचा प्रयत्न केला.

व्यापारी नावांची विश्वसनीयताही मर्यादित आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सॉयर व सहकाऱ्यांच्या अभ्यासात, बाजारात सांगितले जाणारे 'सॅटिव्हा-इंडिका' प्रमाण व प्रत्यक्ष जनुकीय रचना यांचा संबंध माफकच आढळला. २०१९ मधील दुसऱ्या एका अभ्यासात एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या नमुन्यांत जनुकीय विसंगती दिसून आली. नाव टिकते, वाण बदलतो, असा याचा अर्थ होतो. इतिहासकाराने अशा नावांना पुरावा मानताना सावध राहिले पाहिजे.

कायदेशीर बाजारपेठ आणि स्थानिक वाणांचे भवितव्य

२०१७ मध्ये लेसोथोने औषधी गांजाच्या लागवडीस परवाने दिले. आफ्रिकेतील ही पहिली घटना होती. १८ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाने प्रौढ व्यक्तीचा खासगी वापर व लागवड हा खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला आणि मे २०२४ मध्ये त्यासंबंधीच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली. मलावीने २०२० मध्ये औषधी व औद्योगिक लागवडीसाठी कायदा केला. वरवर पाहता हा शंभर वर्षांच्या अन्यायाचा शेवट वाटतो. तथापि, परिस्थिती इतकी सरळ नाही.

परवान्याचे शुल्क, कुंपण, प्रयोगशाळा व निर्यातीसाठी लागणारी प्रमाणपत्रे यांचा खर्च डोंगरातील शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर आहे. औषधनिर्मितीला ठरावीक प्रमाणात घटक असलेले एकसारखे पीक हवे असते. स्थानिक वाणाचा गुणधर्म तर विविधता हा आहे. त्यामुळे परवानाधारक कंपन्या परदेशी संकरित बियाणे आणतात आणि ज्या देशाच्या वाणांची कीर्ती जगभर आहे, त्याच देशात ते वाण कायदेशीर शेतीबाहेर राहतात. याहून गंभीर धोका परागकणांचा आहे. संकरित नर झाडांचा पराग वाऱ्याने स्थानिक शेतात गेला की पुढील वर्षीच्या बियाण्यात तो कायमचा मिसळतो. पोलिसांच्या विमानांना जे साधले नाही ते वाऱ्याने साधू शकते, कारण फवारणीनंतर माळ्यावरचे बी शिल्लक राहते. मिश्रण झाल्यावर मात्र माळ्यावरचे बीही जुने राहत नाही.

मोरोक्कोच्या रीफ पर्वतातील अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील 'बेल्दिया' हा कमी पाण्यावर येणारा स्थानिक वाण एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून अधिक उत्पन्न देणाऱ्या संकरित वाणांपुढे मागे हटला. संकरित वाणांनी पाण्याचा उपसा वाढवला. २०२१ च्या कायद्यानंतर तेथील नियामक संस्थेने बेल्दियाच्या कायदेशीर लागवडीला स्थान दिले. राज्यसंस्थेने ठरवले तर स्थानिक वाणाला कायद्यात जागा मिळू शकते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

लाभाच्या वाटणीचा प्रश्न याहून अवघड आहे. १९९२ च्या जैवविविधता कराराने जनुकीय संपत्तीवर राष्ट्रांचा सार्वभौम अधिकार मान्य केला आणि २०१४ मध्ये अंमलात आलेल्या नागोया शिष्टाचाराने लाभवाटपाची चौकट दिली. परंतु १९७० व १९८० च्या दशकांत गेलेले बी या चौकटीत सहजपणे येत नाही. शिवाय पीकच बेकायदेशीर असल्याने त्याचा राखणदार म्हणून पुढे येणे म्हणजे गुन्ह्याची कबुली देणे होते. तरीही एक पायंडा उपलब्ध आहे. दक्षिण आफ्रिकेतच रुइबोस या वनस्पतीच्या पारंपरिक ज्ञानाबद्दल २०१९ मध्ये उद्योगाने खोइ व सान समाजांना शेतमालाच्या किमतीच्या १.५ टक्के रक्कम देण्याचे मान्य केले. ज्या खोइखोइ भाषेने 'डग्गा' हा शब्द दिला, त्याच समाजाशी हा करार झाला. भारतात २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला वाणाचा निर्माता म्हणून मान्यता दिली आहे. असा विचार आफ्रिकेतील या वाणांबाबत होणे तत्त्वतः अशक्य नाही.

निष्कर्ष

१. आफ्रिकेतील गांजाच्या स्थानिक वाणांचे मूळ दक्षिण आशियाई आहे. मात्र त्यांची घडण, त्यांचे रासायनिक वैशिष्ट्य आणि ओढण्याची परंपरा ही आफ्रिकन समाजांची निर्मिती आहे.

२. नाताळमधील १८७० चा कायदा भारतीय मजुरांच्या श्रमावर नियंत्रण ठेवण्यासाठी आला. पुढे बंदीचे स्वरूप व्यापक होत गेले आणि १९३७ मध्ये पिकालाच तण ठरवले गेले.

३. १९७० नंतरच्या संकरीकरणाने आफ्रिकन वाणांना जागतिक कीर्ती दिली, परंतु त्यांच्या विविधतेचा अल्प अंशच स्वीकारला. प्रचलित व्यापारी नावे वंशावळीचा विश्वसनीय पुरावा ठरत नाहीत.

४. 'सॅटिव्हा' हे बाजारातील नाव वनस्पतिशास्त्रीय इतिहासाशी विसंगत असून त्यामुळे भारत-आफ्रिका संबंधांचा दुवा झाकोळला गेला आहे.

५. कायदेशीर मान्यतेचा काळ हाच स्थानिक वाणांच्या दृष्टीने सर्वाधिक जोखमीचा आहे. बंदीच्या काळात हे वाण दुर्गम भागांत लपून टिकले. खुल्या बाजारात ते संरक्षणाविना टिकणे कठीण आहे.

समारोप

अन्नपिकांचे देशी वाण गमावल्यानंतर त्यांचे मोल कळाले, हा भारतीय शेतीचा अनुभव आहे. भात, ज्वारी व कापूस यांच्या अनेक वाणांची आज केवळ नावे उरली आहेत. त्या वाणांना निदान सरकारी बियाणेपेढ्यांची दारे उघडी होती. पोंडोलँड व मलावी येथील वाणांना तीही दीर्घकाळ बंद राहिली, कारण त्यांच्या जतनालाच कायद्याची आडकाठी होती. नशेच्या सामाजिक दुष्परिणामांविषयी मतभेद असू शकतात आणि त्याची चर्चा स्वतंत्रपणे व्हायला हवी. परंतु एखाद्या वनस्पतीच्या वापरासंबंधीचा नैतिक निर्णय तिच्या शेतकऱ्याच्या ज्ञानाला इतिहासातून वगळण्याचे कारण होऊ शकत नाही. या वाणांची नोंद, जतन आणि त्यांच्या राखणदारांची मान्यता ही कामे त्या समाजांच्या सहभागाने आणि परागकणांच्या वेगाने होणाऱ्या मिश्रणापूर्वी झाली, तरच आफ्रिकेच्या कृषिइतिहासातील हे प्रकरण केवळ सूचीपत्रातील नावांपुरते उरणार नाही.